तिसऱ्या अंकाशी बंद पडणारे सॉफ्टवेअर

प्रश्न : डिचोली परिसरात मी लग्नकार्ये आणि जत्रांतील उत्सवी नाटके यांचे चित्रीकरण व संकलन करतो. सध्या एका मंडळाच्या तीन अंकी नाटकाचे काम हातात आहे. पहिले दोन अंक माझ्या जुन्या कॅमेऱ्याने टिपले, पण बॅटरी संपल्यामुळे तिसऱ्या अंकासाठी मित्राचा नवा कॅमेरा वापरावा लागला. ते चित्रण टाइमलाइनवर अडखळत होते, म्हणून मी संकलनाचे सॉफ्टवेअर अपग्रेड केले. तेव्हापासून तिसरा अंक लागला की सॉफ्टवेअर कोणताही संदेश न देता बंद होते आणि एक्स्पोर्टही तेथेच थांबते. संगणक विंडोजचा असून त्यात १६ जीबी रॅम आणि २०१६ साली घेतलेले ६ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आहे. जुन्या आवृत्तीकडे परतावे की नवे कार्ड घ्यावे? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : आपल्या पत्रातील ‘तेथेच’ हा शब्द निदानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. सॉफ्टवेअर कधी येथे तर कधी तेथे बंद पडत असते, तर प्रथम ग्राफिक्स ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम), रॅम किंवा धुळीने भरलेला पंखा यांच्याकडे पाहावे लागले असते. दर वेळी एकाच जागी पडत असेल, तर दोष बहुधा त्या जागेवरच्या क्लिपमध्ये किंवा तिला लावलेल्या इफेक्टमध्ये असतो. आपल्या बाबतीत तर कॅमेरा बदलला नेमकी तीच जागा आहे.

मात्र काहीही करण्यापूर्वी प्रोजेक्ट फाइलची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. त्यानंतर एक कोरा प्रोजेक्ट उघडून त्यात तिसऱ्या अंकाची एकच क्लिप, कोणताही इफेक्ट न लावता, चालवून पाहावी. तेवढ्यानेही सॉफ्टवेअर बंद पडले, तर ती क्लिप ‘मीडियाइन्फो’ या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडावी. तेथे एचईव्हीसी (चित्रण दाबून साठवण्याची एक पद्धत), ४:२:२ (रंगांचा तपशील किती जपला याचे माप; ४:२:० मध्ये तो कमी असतो) आणि १० बिट (छटांची बारकाई; ८ बिटपेक्षा अधिक) अशा नोंदी दिसल्या, तर चोर सापडला असे समजण्यास हरकत नाही. २०१६च्या सुमारास आलेल्या कार्डांतील डीकोडर ४:२:० प्रकारचे एचईव्हीसी चित्रण उलगडू शकतात, ४:२:२ प्रकारचे नाही. मग ते काम प्रोसेसरवर पडते आणि टाइमलाइन अडखळते. म्हणजे आपण ज्या दुखण्यासाठी अपग्रेड केले, ते मुळात सॉफ्टवेअरचे नव्हतेच. नव्या आवृत्तीत हार्डवेअर डीकोडिंगचे (चित्रण उलगडण्याचे काम कार्डाकडे सोपवण्याचे) पर्याय बदललेले असू शकतात, म्हणून सेटिंग्जमध्ये ते बंद करून हीच क्लिप पुन्हा चालवावी. आता ती अडखळत का होईना, पण शेवटपर्यंत चालली, तर निदान पक्के झाले.

यावर खात्रीचा इलाज म्हणजे तिसऱ्या अंकाच्या सर्व क्लिप संकलनासाठी सोयीच्या कोडेकमध्ये (चित्रण साठवण्याच्या पद्धतीत) रूपांतरित करून घेणे. प्रोरेस ४२२ हा कोडेक चालेल. डीएनएक्सएचआर हा दुसरा कोडेक घ्यायचा असल्यास त्यातील ‘एचक्यूएक्स’ निवडावे, कारण नुसते ‘एचक्यू’ ८ बिटचे असते आणि रंगमंचावरील दिव्यांच्या उतरत्या छटांमध्ये त्यामुळे पट्टे दिसू शकतात. जागा मात्र भरपूर लागते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर प्रोरेस ४२२ मध्ये फुल एचडीच्या एका तासाला सुमारे ५५ जीबी आणि ४के च्या एका तासाला सुमारे २२० जीबी जागा लागते. एका अंकासाठी एवढे सोसण्याजोगे आहे. मंडळाला काम सुपूर्द केल्यावर या फाइली पुसून टाकाव्यात. मूळ चित्रण मात्र जपावे.

कोऱ्या प्रोजेक्टमध्ये क्लिप सुरळीत चालली, तर शोध दुसरीकडे घ्यावा लागेल. स्टार्ट मेनूमध्ये ‘रिलायबिलिटी’ असे टाइप केल्यावर उघडणाऱ्या नोंदींत प्रत्येक क्रॅशचा तपशील असतो आणि त्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ म्हणून एका फाइलचे नाव दिलेले असते. ते नाव ग्राफिक्स ड्रायव्हरचे असेल, तर कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर नव्याने बसवावा आणि खेळांसाठीचा व स्टुडिओसाठीचा असे दोन प्रकार असल्यास स्टुडिओचा घ्यावा. ते एखाद्या प्लग-इनचे (सॉफ्टवेअरला जोडलेल्या पूरक प्रोग्रॅमचे) असेल, तर तो प्लग-इन त्याच्या फोल्डरमधून तात्पुरता बाहेर काढून ठेवावा. जुन्या आवृत्तीसाठी घेतलेले प्लग-इन नव्या आवृत्तीत बंड करतात, हा अनुभव नेहमीचा आहे. सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज मूळपदावर आणून पाहायच्या असल्यास त्यांचे, म्हणजे प्रेफरन्सेसचे, फोल्डर पुसण्याऐवजी त्याचे नाव बदलावे, म्हणजे आपले कीबोर्ड शॉर्टकट हातचे जात नाहीत. यांपैकी एका वेळी एकच बदल करावा. अनेक जण वैतागून एकाच रात्री ड्रायव्हर, सॉफ्टवेअर आणि कधीकधी विंडोजही नव्याने बसवतात. त्याने काम सुरू झाले तरी कशामुळे झाले हे कळत नाही आणि पुढच्या वेळी तीच रात्र पुन्हा जागावी लागते.

नव्या कार्डाची घाई करू नये. या एका नाटकासाठी त्याची गरज नाही. पुढे स्वतः तसाच कॅमेरा घेणार असाल, तर खरेदीपूर्वी केवळ किती जीबीचे कार्ड आहे हे न विचारता ते ४:२:२ प्रकारचे एचईव्हीसी चित्रण उलगडते का, हे विचारावे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्समध्ये ही सोय आहे, तर एनव्हिडियाच्या कार्डांत ती २०२५मध्ये आलेल्या ५० मालिकेपासून मिळू लागली. जुन्या आवृत्तीकडे परतण्याचे कारणही मला तूर्त दिसत नाही. तक्रार करावीशी वाटते ती एवढीच, की जत्रांच्या ऐन हंगामात, काम अर्धे झालेले असताना आपण अपग्रेडला हात घातला. आपल्याकडे मिरगापासून चवथीपर्यंत चित्रीकरणे तुलनेने कमी असतात. असल्या उठाठेवी तेव्हा कराव्यात, अर्थात संगणकाला यूपीएस जोडलेला असेल तर.

प्रश्न : अपग्रेडनंतर सॉफ्टवेअर सारखे बंद पडू लागल्यामुळे मी जुनी आवृत्ती पुन्हा बसवली, पण नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला प्रोजेक्ट आता तिच्यात उघडत नाही. सगळे काम वाया गेले का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : नाही. प्रथम ऑटोसेव्हचे फोल्डर पाहावे. अपग्रेडच्या आदल्या दिवशीची प्रत तेथे असण्याची चांगली शक्यता आहे. ती नसल्यास नवी आवृत्ती दुसऱ्या संगणकावर बसवून टाइमलाइन एक्सएमएल (संकलनाची मांडणी लिहून ठेवणाऱ्या फाइलच्या) स्वरूपात एक्स्पोर्ट करावी आणि ती फाइल जुन्या आवृत्तीत इम्पोर्ट करावी. कट आणि क्लिपांचा क्रम बहुतांशी जसाच्या तसा येतो. रंगसंस्कार, शीर्षके आणि प्लग-इनचे इफेक्ट मात्र पुन्हा करावे लागतील, तेवढी एक बैठक हिशेबात धरावी.