अंगणवाडीच्या आहाराचं काम महिला बचत गटांना दिलं तर त्यात वावगं काय?

सरकारी यंत्रणेला अंगणवाडीतला आहार धड पुरवता येत नाही, मग ते काम बचत गटांकडे सोपवलं तर बिघडलं कुठे, असं तुम्ही विचारलंय. सोपवण्यात काहीच वावगं नाही. फक्त करारावर बचत गटाचं नाव आहे म्हणून काम गटच करतोय, असं गृहीत धरू नका. आमच्या तालुक्यातल्या एका गटाचे हिशेब मी काही वर्षं लिहायचे, त्यामुळे हे जरा आतून सांगते.

सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितलं होतं की अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत. शक्यतो गावातली माणसं, बचत गट, महिला मंडळं यांच्याकडून करून घ्या. आपल्याकडे महाराष्ट्रात याचं काय झालं? तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा गरम आहार गावोगावच्या गटांकडे राहिला. पण लहान बाळांसाठी आणि गरोदर व स्तनदा मातांसाठी घरी न्यायची पाकिटं, म्हणजे टीएचआर (टेक होम रेशन), यंत्रावर बनतात आणि खरी उलाढाल तिथे आहे. ते काम मोजक्या महिला संस्थांच्या नावावर गेलं. या संस्थांच्या आडून खासगी कंपन्याच पुरवठा करतात, असं अन्न योजनांवर लक्ष ठेवायला न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या कार्यालयाने २०१२ साली नोंदवलं होतं.

तरी २०१६ च्या निविदेत राज्यातले पाचशेहून जास्त बालविकास प्रकल्प (एका भागातल्या अंगणवाड्या मिळून एक प्रकल्प) एकत्र बांधून ७० मोठे पुरवठा विभाग पाडले गेले आणि उलाढालीच्या अटी घातल्या. पापड-लोणच्यावर उभा राहिलेला गट तिथे कसा पोचणार? २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ६,३०० कोटींची ही कंत्राटं रद्द केली. अटी बड्या मंडळींच्या सोयीच्या होत्या, हेच कारण. कागदोपत्री मात्र सगळे ‘महिला बचत गट’च होते.

निविदेच्या अटी निदान छापलेल्या असतात, कोर्टात दाखवता येतात. न छापलेली अट म्हणजे बिल कधी निघतं ती. २०१७ साली केंद्राने ठरवलेला दर मुलामागे दिवसाला ८ रुपये होता. त्यात ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं बसवायची. वर बिल महिनोन्‌महिने अडकलेलं. आमच्या गटातल्या बायका किराणा दुकानदाराकडे उधारी करायच्या, आणि उधारीवर घेतलं की दुकानदार भाव लावून घेतो. मग उसळीत मटकी कमी, पाणी जास्त. अंगणवाड्यांवर देखरेख ठेवणारी मुख्यसेविका येऊन पातेल्यात डोकावणार आणि शेरा मारून जाणार. शेरा चुकीचा नसायचा म्हणा. अशा वेळी ज्याच्याकडे सहा महिने पैसे अडकवायची ताकद आहे तोच टिकतो, आणि थोड्याच दिवसांत तो गटाच्या अध्यक्षबाईंना भेटायला येतो: सही तुमची, माल आमचा, महिन्याला इतके तुम्हाला. हे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण कागद स्वच्छ असतात.

म्हणून ‘सरकार की संस्था’ या वादात मला फारसा रस उरलेला नाही. काम लहान तुकड्यांत द्या, थोडी रक्कम आगाऊ द्या, मग गट चालवून दाखवतात. आदिवासी भागात मातांना आणि मुलांना आहार देणाऱ्या अमृत आहार योजनेत पैसे गावच्या आहार समितीच्या खात्यात जातात. तिथेही रक्कम उशिरा येते, पण खरेदी कुणी केली हे गावाला ठाऊक असतं.

तुमच्या तालुक्यात नेमकं काय चाललंय ते बघायचं असेल, तर माहिती अधिकारात बालविकास प्रकल्प कार्यालयाकडे तीन गोष्टी मागा: करारनामा, गेल्या वर्षीची बिलं सादर झाल्याच्या आणि पैसे मिळाल्याच्या तारखा, आणि पाकिटं जिथे बनतात तिथला पत्ता. मग त्या पत्त्यावर स्वतः जाऊन या. वीजबिल कुणाच्या नावावर येतं, तेही विचारा.