स्ट्राँगमन स्पर्धेत सर्वांत जड वजन उचलणाराच जगज्जेता ठरतो का?

आपण विचारले आहे की, अवजड वस्तू उचलण्याच्या, ओढण्याच्या आणि वाहून नेण्याच्या स्ट्राँगमन स्पर्धेत सर्वाधिक वजन उचलणाराच जगज्जेता ठरतो का, आणि आजवरच्या विजेत्यांत श्रेष्ठ कोण. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि दुसऱ्याचे उत्तर त्यातूनच निघते.

‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’ ही स्पर्धा १९७७ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. अंतिम फेरीत साधारणपणे दहा स्पर्धक असतात. प्रत्येक प्रकारात पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, अशा क्रमाने गुण देऊन शेवटी बेरीज करतात. म्हणजे डेडलिफ्टमध्ये, अर्थात जमिनीवरचे वजन दोन्ही हातांनी उचलून ताठ उभे राहण्याच्या प्रकारात, विश्वविक्रम केला तरी गुण दहाच मिळतात, आणि पुढे ट्रक ओढताना किंवा दोन्ही हातांत वजने घेऊन धावताना तोच स्पर्धक मागे पडला, तर मिळवलेली आघाडी तिथेच संपते. इंग्लंडच्या एडी हॉलने जुलै २०१६मध्ये लीड्स येथे ५०० किलोचा डेडलिफ्ट केला, तोवर कोणीही न केलेला. पण पुढच्याच महिन्यात बोट्स्वानात झालेल्या जागतिक स्पर्धेत तो तिसरा आला आणि अमेरिकेचा ब्रायन शॉ जिंकला. हॉल जगज्जेता झाला तो २०१७ साली.

आम्हा वडोदऱ्याच्या मराठी मंडळींना हा फरक समजायला फार लांब जावे लागत नाही. सयाजीबागेतील संग्रहालयात १२०० किलो वजनाची एक शिळा आहे. गामा पहिलवानाने ती २३ डिसेंबर १९०२ रोजी उचलली, अशी नोंद तिच्यावर कोरलेली आहे. ती पाहताना छाती दडपते, यात शंका नाही. तरीही गामा थोर ठरला तो कुस्तीमुळे, समोर आलेल्या मल्लांना हरवल्यामुळे. जड वजन उचलणे हा पराक्रम आहेच. परंतु विजेतेपद प्रतिस्पर्ध्यांमध्ये, नियमांच्या आणि घड्याळाच्या धाकात मिळवावे लागते.

आता श्रेष्ठ कोण, याविषयी. लिथुआनियाचा झिद्रूनास सावित्स्कास आणि पोलंडचा मारियुश पुजानोव्स्की यांची तुलना मला सर्वांत बोधक वाटते. सावित्स्कासने अमेरिकेतील कोलंबस येथील ‘अर्नोल्ड’ ही स्ट्राँगमन स्पर्धा २००३ ते २००८ अशी सलग सहा वर्षे जिंकली, पुढे आणखी दोनदा. तेथे वजने अतिशय जड असतात आणि निखळ ताकदीला महत्त्व असते. मात्र २००२ आणि २००३ या दोन्ही वर्षी जागतिक स्पर्धेत तो पुजानोव्स्कीच्या मागे दुसरा राहिला. पुजानोव्स्की त्याच्यापेक्षा बराच हलका होता, पण वजन खांद्यावर किंवा हातांत आले की तो ज्या वेगाने पळे आणि एका प्रकारानंतर दुसऱ्यासाठी ज्या झपाट्याने सावरे, त्याला त्या काळी तोड नव्हती. त्याने २००२, २००३, २००५, २००७ आणि २००८ अशी पाच जगज्जेतेपदे मिळवली. इतकी अद्याप अन्य कोणाच्याही नावावर नाहीत. २००४ साली उत्तेजक द्रव्याच्या चाचणीमुळे त्याचे स्थान रद्द झाले, हा डाग मात्र लपवता येणार नाही, आणि त्याची बाजू घेणाऱ्यांनी तो लपवूही नये.

तरीही विजेता म्हणून मी पुजानोव्स्कीलाच पहिला मान देतो. ताकदवान म्हणून विचाराल, तर सावित्स्कासला.