टिळक रोडवरच्या घरात पॉडकास्ट रेकॉर्ड करतो. हळू बोललेलं ऐकू येत नाही, हसलो की आवाज फाटतो. कॉम्प्रेसर-लिमिटर कसे लावू?

आधी कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून हळू-मोठ्यातला फरक कमी करतो), सगळ्यात शेवटी लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ देत नाही). कॉम्प्रेसरचा रेशो, म्हणजे दाबण्याचं प्रमाण, ३:१ ठेवा, म्हणजे थ्रेशोल्डच्या (जिथून दाबणं सुरू होतं ती पातळी) ६ डीबी (डेसिबल) वर गेलेला आवाज २ डीबीच वर राहतो. अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १० मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १००च्या आसपास. आता नेहमीसारखं बोलत थ्रेशोल्ड खाली आणा. मीटरवर ३ ते ६ डीबी घट दिसली की थांबा. साधारण तितकाच मेकअप गेन द्या, म्हणजे दाबलेला आवाज परत वर उचला. इथे जपा हं, गेनबरोबर रस्त्यावरचे हॉर्न आणि पंख्याची घरघरही वर येते. पंखा-खिडकी बंद, माइक तोंडापासून वीतभर.

लिमिटरचं सीलिंग (कमाल मर्यादा) उणे १ डीबी. तो फक्त हसण्याला लागावा. सतत लागत असेल तर गेन उतरवा. मूळ रेकॉर्डिंगच फाटलं असेल तर मात्र लिमिटर ते सांधत नाही, इनपुटच कमी ठेवा.