मासे खा, वाटण बदल

प्रिय मित्रा,

भात आणि मासे दोन्ही बंद केलेस, तरी पोट फुगतंच आणि सकाळी निघायच्या आधी दोन-तीनदा पळावं लागतं, असं कळलं. सोडू नये तेच सोडलंस. आयबीएसमध्ये, म्हणजे आतडं हळवं होऊन पोट वारंवार बिघडण्याच्या तुझ्या या दुखण्यात, भात-मासळी बहुतेकांना चालते. आपल्या घरात त्रास देणारे बहुधा दुसरेच असतात: कांदा, लसूण, काळे वाटाणे, चवळी, कुळीथ, गहू, काजू आणि दूध.

यांतली काही कर्बोदकं लहान आतड्यात नीट पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि वायू होतो. वायू सगळ्यांनाच होतो, पण तुझं आतडं तो ताण अधिक तीव्रतेने जाणतं, म्हणून कळ येते. ही कर्बोदकं टाळणारा लो-फॉडमॅप आहार मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातून आला.

गहू सोडण्याआधी, गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, म्हणजे सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घे. सोडल्यावर केली तर आजार असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. शौचातून रक्त, वजन घटणं, ताप, रक्त कमी होणं, जुलाबाने रात्री झोप मोडणं, यांतलं काहीही असेल तर आहाराचे प्रयोग राहू देत, आधी डॉक्टर गाठ.

मग चार आठवडे वर सांगितलेलं सगळं बंद. न्याहारीला घावणे (आंबोळीत उडीद असतो, ती नंतर), दुपारी भात, रात्री तांदळाची किंवा नाचणीची भाकरी. खरी अडचण वाटणाची. कांदा कालवणात शिजवून नंतर उचलून टाकलास तरी उपयोग नाही, कारण त्यातलं फ्रुक्टान, म्हणजे तेच न पचणारं कर्बोदक, पाण्यात उतरतं. तेलात मात्र ते उतरत नाही. म्हणून दोन मोठे चमचे तेलात पाच-सहा लसूण पाकळ्या मंद आचेवर कडा लालसर होईपर्यंत परत, पाकळ्या काढून टाक आणि त्याच तेलात फोडणी कर. हे तेल त्याच दिवशी संपव, साठवू नकोस. वाटणाला खोबरं, धणे, मिरी, आलं, हळद पुरे. मिरची निम्मी, तिचा तिखटपणाच काहींच्या पोटात कळ आणतो. बांगड्याचं तिखलं तिरफळं घालून कर, कांदा आठवणारही नाही. सोलकढीतली लसूण वगळ. तयार मसाल्याच्या पाकिटावर कांदा-लसूण पावडर आहे का, ते वाच.

बरं वाटलं की लोक इथेच थांबतात आणि वर्षभर कोरडं खात राहतात. तसं करू नकोस, त्याने आतड्यातले चांगले जिवाणूही घटतात. एका वेळी एकच पदार्थ परत आण. लसूण असेल तर पहिल्या दिवशी पाव पाकळी, दुसऱ्या दिवशी अर्धी, तिसऱ्या दिवशी एक. मग तीन दिवस विश्रांती. बाकी जेवण तेच ठेव, नाहीतर दोष कोणाचा ते कळणार नाही. हापूसही असाच, एका फोडीपासून. गौरी-गणपतीत उकडीच्या एखाद्या मोदकाला घाबरू नकोस. पानातल्या काळ्या वाटाण्याच्या उसळीला घाबर.

एसटीत त्रास नको म्हणून उपाशी निघणं आणि उतरल्यावर भरपेट हादडणं, ही सवय मोड. भरलेल्या पोटाने मोठं आतडं जोरात हलतं. त्यापेक्षा अर्धा तास लवकर ऊठ, कोरा चहा नि घावणा घे, निवांत बसून ये, मग निघ. चहा-कॉफी दिवसाला तीन कपांवर नको. रोज अर्धा तास झपझप चाल. इसबगोल एक लहान चमचा, पेलाभर पाण्याबरोबर सुरू कर आणि आठवड्याने वाढव. गव्हाचा कोंडा नको, त्याने फुगणं वाढतं.

वहीत तीन रकाने आख: काय खाल्लं, पोट कसं होतं, झोप नि ताण. चार-सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर पथ्य सोडून दे आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. औषधांचे पर्याय आहेत.