नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, आता नोकरी सोडू का?

इचलकरंजीच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. यजमानांचे सोळा साधे यंत्रमाग आहेत, काम खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुताचं कापड मजुरीवर विणून द्यायचं. तीन आठवड्यांपूर्वी भरलेला बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला जड रूळ) मागावर चढवताना दुसऱ्या बाजूच्या माणसाचा हात सुटला, सगळा भार झटक्यात यजमानांवर आला आणि ते खाली बसले ते उठलेच नाहीत. दोन दिवसांत उजवं पाऊल उचलेना. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ ची चकती सरकून नस दाबली गेल्याचं निघालं आणि लगेच शस्त्रक्रिया झाली. बिल २,७०,००० रुपये. विमा कंपनीनं कॅशलेस नाकारलं, म्हणून १,२०,००० बचतीतून भरले आणि १,५०,००० दिरांनी दिले. ताई एका पतसंस्थेत नोकरीला आहेत, हातात २२,००० पगार येतो. तिथंच ३,००,००० ची मुदतठेव आहे, शिवाय पीपीएफ आणि थोडं सोनं. त्या विचारतात : नोकरी सोडून कारखाना बघू का? आणि यजमान म्हणतात तसे सहा माग विकून दिरांचे पैसे देऊन टाकू का?

ताई, दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. का, ते तुम्हीच पाठवलेल्या आकड्यांवरून सांगतो.

मजुरी, वीज, दुरुस्ती जाऊन कारखान्यातून एरवी महिना ३८,००० सुटायचे. सध्या लक्ष द्यायला कुणी नाही, दोन माग बंद आहेत, म्हणून ३०,००० धरू. घरखर्च २७,०००, मागांच्या कर्जाचा हप्ता १८,५००, औषधं आणि फिजिओथेरपी ६,०००. म्हणजे महिन्याला ५१,५०० जाणार. तुम्ही नोकरी सोडली आणि पहिल्याच महिन्यात कारखाना पूर्वपदावर आणला, असं अगदी उदार मनानं धरलं तरी १३,५०० ची तूट. नाही आणता आला तर २१,५०० ची.

आता दुसरी बाजू. शेजारच्या कारखान्याचा हिशेब आणि देखरेख बघणारे दिवाणजी पाळी बदलताना येऊन बघायला तयार आहेत, ९,००० मागतात, असं तुम्हीच पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलं आहे. माझ्या मते अख्ख्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच. तुमचा पगार चालू ठेवून त्यांना ९,००० दिले तर तूट ८,५०० वर येते. कारखाना ३०,००० वरच अडकलेला आहे, असं धरून हा हिशेब आहे. कापडाचे मीटर मोजणं, कामगारांची मजुरी वाटणं, नव्या बीमचे धागे जोडणाऱ्या वहिफणीवाल्याला वेळेवर बोलावणं, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या मागे लागणं ही त्यांची रोजची कामं. तुम्हाला ती शिकायलाच दोन महिने जातील, आणि तेवढ्यात यजमान काठी टेकत कारखान्यात येऊन बसायला लागलेले असतील. मग तुमच्या हाती काय राहील? पंचेचाळिशीला नवी नोकरी शोधणं.

‘नवरा अंथरुणावर आणि ही ऑफिसला निघाली’ असं नातेवाईक म्हणतील, याची धास्ती पत्रात दिसते. म्हणू देत. त्यांतला कुणी तुमचा हप्ता भरणार नाही. पण एक खरं, की सुरुवातीचे दिवस माणूस लागतो. अंघोळ, टाके, कुशीवर वळवणं, वेळेवर गोळ्या यांत सासूबाईंच्यानं सगळं होणार नाही. तुमची १८ दिवसांची हक्काची रजा शिल्लक आहे, ती आत्ता वापरा, दिवाळीला राखून ठेवू नका. ती संपल्यावर गरज वाटली तर महिनाभर बिनपगारी रजा मागा. त्यात २२,००० बुडतील, पण नोकरी राहील.

पैसे कुठून काढायचे? पीपीएफला हात लावू नका. खातं जुनं असल्यानं नियमानुसार काही रक्कम काढता येईल, पण सोपी वाट असताना ती कशाला मोडायची? सोनं शेवटी. आधी मोडायची ती पतसंस्थेतली ठेव. मुदतीआधी मोडल्यावर व्याज थोडं कापलं जाईल, ते जाऊ द्या. चेअरमनना काय वाटेल, हा विचार तुमच्या मनात येणार हे मला कळतं. पण बँकेतल्या ठेवीला, अगदी सहकारी बँकेतल्याही, ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. तुमची संस्था उत्तम असेलही. तरी घराचा पगार आणि घराची ठेव दोन्ही एकाच दारात असणं मला एरवीही पटलं नसतं, अशा दिवसांत तर नाहीच.

तीन लाख हातात आले की दीर घाई करत नसले तरी त्यांना ५०,००० द्या. मन हलकं होईल. बँकेतूनच द्या, कारण वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीनं घेणं किंवा फेडणं आयकर कायद्यात बसत नाही. बाकी अडीच लाख बँकेत ठेवा. तीन महिन्यांची तूट धरली तरी २५,५०० होते, त्यातून सहज भागेल. उरलेलं दुसऱ्या वेळी दवाखाना लागलाच तर.

माग विकायचं आत्ता मनातून काढून टाका. एक तर ते बँकेला तारण आहेत, परवानगीशिवाय विकताच येणार नाहीत. दुसरं, अडलेला माणूस विकतोय म्हटल्यावर घेणारा वजनावर भाव करतो. त्याऐवजी डिस्चार्ज कार्डाची प्रत घेऊन हप्ता चुकायच्या आधी शाखेत जा आणि दोन-तीन महिने नुसतं व्याज भरायची किंवा मुदत वाढवायची सवलत लेखी मागा. मिळेलच असं नाही. पण हप्ता ९० दिवसांवर थकला की खातं अनुत्पादित (एनपीए), म्हणजे थकीत कर्जात जमा होतं, आणि मग शाखेतली भाषा बदलते.

आता विमा. इथं तुम्ही हात टेकलेले दिसतात, आणि मला तेच पटलेलं नाही. कॅशलेस नाकारलं म्हणजे दावा नाकारला असं होत नाही. बिलं भरून नंतर परतफेडीचा दावा करता येतो. त्याची मुदत पॉलिसीत दिलेली असते आणि ती फार नसते, तेव्हा या आठवड्यातच कागद लावा. कंपनी म्हणते, पॉलिसी १४ महिन्यांची आहे आणि चकतीच्या विकारांना २४ महिने थांबावं लागतं. ते कलम खरं आहे, पण त्याच कलमात अपघातामुळे झालेल्या उपचारांचा अपवाद असतो. तो शोधून त्यावर पेन्सिलनं खूण करा.

तुमचं प्रकरण अडणार ते डिस्चार्ज कार्डावर. त्यावर नुसतं ‘कंबरदुखी, दोन दिवस’ लिहिलंय. बीमचा उल्लेखच नाही. याउलट त्याच संध्याकाळी घराजवळच्या डॉक्टरांनी केसपेपरवर ‘बीम अंगावर आल्यानंतर’ असं लिहिलं होतं. तो कागद सोन्यासारखा जपा. तो दाखवून सर्जनना डिस्चार्ज कार्डात दुरुस्ती करून मागा. जे घडलं तेवढंच लिहून घ्या. आधीपासून कंबर दुखत असेल तर लपवू नका, कारण एमआरआयमध्ये चकतीची जुनी झीज लिहिलेली आहे आणि कंपनी नेमकी तिथंच बोट ठेवणार. हात सुटलेल्या कामगाराचा आणि जॉबरचा सहीनिशी जबाबही जोडा. तरीही दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथं शुल्क नाही आणि वकील लागत नाही. पैसे मिळतील असं मी छातीठोक सांगणार नाही. म्हणूनच वरच्या हिशेबात विम्याचा एक रुपयाही धरलेला नाही.

रागाच्या भरात यजमान ‘ही पॉलिसी बंदच कर’ म्हणतात, ते मात्र ऐकू नका. खंड पडला तर प्रतीक्षेचे महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले जातील आणि नव्या पॉलिसीत हा मणका ‘आधीपासूनचा आजार’ ठरेल. दावा केला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही.

तुमचं केशरी रेशनकार्ड आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ती योजनेतल्या रुग्णालयातच आणि रोकडविरहित चालते. भरलेलं बिल परत मिळत नाही. पुन्हा दाखल व्हायची वेळ आली, तर आपला उपचार यादीत बसतो का आणि जवळ कुठलं रुग्णालय आहे, हे दाखल होण्याआधी योजनेच्या रुग्णालयात मदतीला बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा.

एका गोष्टीनं मात्र माझं मत बदलू शकतं. पुढच्या तपासणीला सर्जनना सरळ विचारा : पाऊल कितपत परत येईल, आणि बीम उचलायला परवानगी कधी? उत्तर ‘तीन-चार महिन्यांनी, जपून’ असं आलं तर वर लिहिलंय तसंच चालू द्या. ‘आता कधीच नाही’ आलं तर बीम चढवायला कायमचा माणूस धरावा लागेल, आणि सोळाही माग चालवणं परवडतं का हे नव्यानं बघावं लागेल. तेव्हा मागवार महिन्याचं उत्पादन आणि दुरुस्तीचा खर्च लिहून पाठवा. दिवाणजींच्या वहीत तो हिशेब तोवर तयारच असेल.