दोष कोणात आहे?

"मॅडम, दोष कोणात आहे तेवढं एकदा कळलं ना, की मग पुढचं बघता येईल." मूल होत नाही म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कधी येणार याची मी वाटच बघते. कधी बायको विचारते कधी नवरा, आणि बऱ्याचदा ते बाहेरच्यांनी विचारून विचारून यांच्या तोंडी बसवलेलं असतं. म्हणून आज एका जोडप्याबद्दल लिहितेय. दोघांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ती ३४ ची, तो ३७ चा, चार वर्षं प्रयत्न चालू. पहिल्या दिवशी तिच्या मांडीवर जाडजूड फाइल होती आणि त्याचे हात रिकामे. फाइलमध्ये तिची सोनोग्राफी, बीजांचा साठा सांगणारी एएमएच, थायरॉइड, गर्भनलिका म्हणजे ट्यूब उघड्या आहेत का बघायची एचएसजी, सहा पाळ्यांचा फॉलिक्युलर स्टडी म्हणजे बीज कसं वाढतंय ते बघायच्या सोनोग्राफी, बीज सुटावं म्हणून दिलेल्या लेट्रोझोलच्या गोळ्या, सगळं तारीखवार लावलेलं. रिपोर्ट जवळपास सगळे नॉर्मल.

मी विचारलं, "आणि यांचे रिपोर्ट?"

"त्याला काही नाही मॅडम, तो एकदम फिट आहे."

तो खिडकीबाहेर बघत होता.

इथे जरा थांबते कारण हे सगळ्यांना माहीत असायला हवं. वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत तर तपासण्या सुरू करायच्या, बाईचं वय ३५ किंवा पुढे असेल तर सहा महिन्यांतच. हे काही जगावेगळं नाहीये, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की जगात साधारण सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी या त्रासातून जावं लागतं. आणि जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडच्या कारणाचाही काही ना काही वाटा असतो. तरीही फाइल बाईचीच जाड का होते? सीमेन टेस्ट म्हणजे वीर्याची तपासणी ही यातली सगळ्यात सोपी तपासणी, दोन ते सात दिवसांचा खंड ठेवून नमुना द्यायचा एवढंच, ती बाईच्या ट्यूबपर्यंत पोचायच्या आधीच व्हायला हवी. फिट दिसण्याचा आणि काउंटचा, म्हणजे शुक्राणूंच्या संख्येचा, तसा संबंध नसतो, उलट बॉडी बनवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांचा काउंट पार शून्यावर गेलेला असू शकतो.

मी प्रत्येक जोडप्याला एकेकदा एकटं भेटते. तो एकटा आला तेव्हा पाच मिनिटं हवापाण्याच्या गप्पा झाल्या आणि मग त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. आठ महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट, काउंट एका मिलिलिटरला ४० लाख, म्हणजे बराच कमी. ती फॉलिक्युलर स्टडीसाठी चकरा मारत होती त्या सगळ्या काळात हा रिपोर्ट त्याच्या खिशात होता.

"हा दाखवला की मी संपलो असं वाटलं," तो म्हणाला.

मी म्हटलं, "तुमची गोष्ट मी तिला सांगणार नाही. पण तुम्ही सांगेपर्यंत दोघांसोबतचं आपलं काम इथेच थांबेल, कारण एकाचं गुपित खिशात ठेवून मला दोघांसमोर बसता येत नाही." हा नियम मी इतकी वर्षं पाळत आलेय, आणि त्याने जोडपी तुटलेली मी फार कमी पाहिलीत.

तीन आठवडे काहीच नाही. मग दोघं आले आणि त्याने तिच्या हातात मोबाइल दिला. ती किती तरी वेळ आकडा बघत राहिली, आणि म्हणाली, "मी गोळ्या खात होते तेव्हा तू बाजूला बसून पाणी देत होतास." एवढंच बोलून उठून गेली. मी तिला थांबवलं नाही. तो राग खरा होता, त्याला लगेच समजूतदारपणाचं पांघरूण घालणं मला पटत नाही.

पुढच्या वेळी ती एकटी आली. म्हणाली, "मला काउंटचा राग नाहीये. चार वर्षं मला वाटत राहिलं माझ्यातच दोष आहे आणि आता कळलं त्याच्यात आहे, मग मला हलकं वाटायला हवं ना? का नाही वाटत?"

मला तेव्हा एकदम लख्ख दिसलं. आपल्या भाषेत दोष हा शब्दच दुहेरी आहे, यंत्रात बिघाड असतो तोही दोष आणि गुन्हा केला तर लागतो तोही दोष. डॉक्टर पहिल्या अर्थाने बोलतात आणि जोडपी दुसऱ्या अर्थाने ऐकतात. तिने चार वर्षं एक आरोप वाहिला होता आणि तो आता नवऱ्याच्या खांद्यावर टाकायचा होता, पण आरोप इकडून तिकडे गेला म्हणून घरातून जात नाही. मी तिला म्हटलं, "'कोणात' हा प्रश्न सोडून 'कुठे' विचारून बघा. अडथळा कुठे आहे?" ती हसली आणि मग खूप रडली. तिथून खरी सुरुवात झाली, माझ्या मते तरी मूल दोघांना हवंय तर अडथळाही दोघांचाच.

मग 'कुठे' या प्रश्नाने कामं पटापट सुटली. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, मधे मोठा ताप येऊन गेला असेल तरी काउंट पडतो, म्हणून एका रिपोर्टवर निकाल लावायचा नाही. पुन्हा टेस्ट केली, ६० लाख आले. १ कोटी ६० लाखांचा जो आकडा रिपोर्टवर छापलेला असतो ती पास-नापासाची रेघ नव्हे, त्याखालीही मुलं होतात, वेळ जास्त लागतो. कधी व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या फुगलेल्या शिरा, निघतं, त्याचं ऑपरेशन करून फरक पडू शकतो, त्याच्यात ते नव्हतं. बाईचं बीजच सुटत नसेल, पीसीओएस या हार्मोनच्या त्रासात होतं तसं, तर गोळ्यांनी काम होतं, सौम्य अडचणीत आययूआय म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं, दोन्ही ट्यूब बंद असतील तर आयव्हीएफ म्हणजे बीज आणि शुक्राणू शरीराबाहेर लॅबमध्ये एकत्र आणणं, आणि काउंट इतका कमी असेल तर इक्सी, ज्यात एका बीजात एकच शुक्राणू सुईने सोडतात. इक्सीचं पहिलं बाळ १९९२ मध्ये जन्मलं, त्याआधी अशा रिपोर्टवर डोनरशिवाय, म्हणजे दुसऱ्या पुरुषाच्या शुक्राणूंशिवाय, फारसं काही हातात नसायचं. नमुन्यात शुक्राणू दिसलेच नाहीत तरी काही पुरुषांत ते वृषणातून काढता येतात. मात्र वयाने बीजांची जी हानी होते ती आयव्हीएफने भरून येत नाही, म्हणून लपवण्यात गेलेले महिने महागात पडतात.

डॉक्टरांनी त्यांना इक्सी सुचवली. सुरू करायच्या आधी मी त्यांच्याकडून तीन गोष्टी ठरवून घेतल्या आणि हे मी सगळ्यांनाच सांगते. उपचाराच्या किती सायकल म्हणजे फेऱ्या करायच्या, ते डोकं शांत असताना आधीच बोलून ठेवा, त्यांनी दोन ठरवल्या. डोनर, दत्तक किंवा दोघंच राहणं यातलं काय चालेल काय नाही, हे आत्ताच एकमेकांना विचारा, उत्तर बदललं तरी चालेल. आणि कोणी विचारलं तर दोघांनी एकच वाक्य सांगायचं, "आमचे उपचार चालू आहेत," पुढे कोणाचे आणि कशाचे ते नाही.

मागच्या महिन्यात पहिल्या ट्रान्सफरनंतरची, म्हणजे लॅबमध्ये तयार झालेला गर्भ (एम्ब्रियो) गर्भाशयात सोडल्यानंतरची, बीटा एचसीजी ही दिवस राहिलेत का सांगणारी रक्ततपासणी निगेटिव्ह आली. रिपोर्ट त्याच्या मोबाइलवर आला होता, त्याने तो ती ऑफिसातून येईपर्यंत उघडला नाही. दोघांनी मिळून बघितला आणि मला मेसेज केला की गुरुवारची वेळ मिळेल का, दोन एम्ब्रियो अजून फ्रीज केलेले आहेत.