किल्ली त्याच्याकडे द्या

*मुलगा २७ वर्षांचा, बी.कॉम. गेल्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. सीबीएसजवळ एका टॅक्स ऑफिसात जीएसटीची कामं करतो, कामात चूक नसते. पण घरी आंघोळीपासून सगळं मागे लागून करून घ्यावं लागतं. डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपी सांगितली आहे. हे म्हणतात, ते लहान मुलांचं असतं. त्याला स्वतःचं नीट सांगता येत नाही, मी सेशनला सोबत बसू का? मी भजनाला गेले की तो जिन्यात थांबतो, किल्ली हरवेल म्हणून देत नाही.*
*– एक आई, इंदिरानगर, नाशिक*

ताई, थेरपीचं नंतर बोलू. आधी तो जिना.

सिटीलिंक बसने एकटा कामावर जाणारा, लोकांची रिटर्न्स भरणारा मुलगा संध्याकाळी स्वतःच्याच घराबाहेर बसून राहतो. शेजारी जाता-येता बघत असणार. त्याला काय वाटतं, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. किल्ली हरवेल? हरवू द्या. फार तर कुलूप बदलावं लागेल. आजच त्याला किल्ली द्या.

थेरपीत झोपाळे आणि बॉल दिसतात म्हणून ती लहानांची वाटते. मोठ्यांच्या थेरपीत रोजची कामंच हाताळतात. किल्लीचंच घ्या. चांगल्या थेरपिस्ट ‘लक्षात ठेव’ म्हणत बसणार नाहीत. किल्ली नेमकी कुठे राहून जाते ते आधी बघतील: बसमध्ये पाकीट काढताना, की दारात फोन वाजला म्हणून. मग ती बॅगेच्या आतल्या कप्प्यात दोरीने बांधली जाईल, दाराच्या आत डोळ्यांसमोर हुक लागेल. आधी किल्ली हुकला, मग चपला काढायच्या, हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत त्याच्याकडून करून घेतील. आंघोळीचंही तसंच. तो आळस नसेलही. बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज किंवा ओल्या अंगाला लागणारा वारा ऑटिझम असलेल्या कित्येकांना सहन होत नाही. त्याला कधी विचारलंत?

तुमच्या ह्यांना सांगा, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमला वयाची अट नाही. दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मोठ्यांनाही मिळतं. काढायचं की नाही, ते तो ठरवेल.

आणि सेशनला तुम्ही बसायचं नाही. कोणती कामं तुला स्वतःची स्वतः करायची आहेत, हे थेरपिस्ट त्याला विचारतील. तुम्ही शेजारी असलात की उत्तर तुमचंच येईल. त्याला बोलायला वेळ लागत असेल तर लिहून नेईल, ऑफिसात ईमेल लिहितोच ना? थेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी आहे ना, एवढं तुम्ही बघून द्या. मोठ्यांबरोबर काम करता का, हे त्यालाच विचारू द्या. अपॉइंटमेंटही तोच घेईल, फोन जड जात असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर. घरी आल्यावर ‘काय काय विचारलं?’ म्हणून त्याच्या मागे लागू नका.